जोडीदार, जेवण आणि जमीन

विवाह ही दोन व्यक्तींची बाब आहे, तीत तिसऱ्याने लक्ष घालण्याचे कारण नाही, हे तत्त्व अमेरिकन समाजाने जेवढ्या उघडपणे स्वीकारले आहे तेवढे फार थोड्या समाजांनी स्वीकारले असेल. मुलाने किंवा मुलीने जोडीदार स्वतः निवडावा, निवड झाल्यावर त्याला घरी आणून दाखवावे आणि आईवडिलांनी आनंद व्यक्त करावा, एवढीच कुटुंबाची भूमिका तेथे उरली आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मोठ्या शहरांपुरता तो बराचसा खरा आहे. परंतु आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इलिनॉय, कॅन्सस आदी राज्यांचा जो प्रदेश मिडवेस्ट म्हणून ओळखला जातो, त्याच्या ग्रामीण भागात या तत्त्वाला एक मोठा अपवाद आहे. तो कोणी बोलून दाखवीत नाही, इतकेच. घरी आणलेल्या पाहुण्याचे तेथे मनापासून स्वागत होते, त्याला आग्रहाने जेवू घातले जाते, त्याचा पगार कोणी विचारीत नाही. आणि तरीही टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न असतो. हे दोघे पुढे येथे राहणार, की या पाहुण्याच्या मागोमाग आपले मूलही कायमचे जाणार?

हा प्रश्न भावनेचा आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे, आणि आता तो मराठी कुटुंबांच्या दाराशीही येऊन ठेपला आहे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने आशियाई लोकांना प्रवेशाची दारे मोकळी केल्यापासून आयोवातील एम्स, इलिनॉयमधील अर्बाना, इंडियानातील लाफायेत, विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथील विद्यापीठांत मराठी विद्यार्थ्यांचा ओघ सुरू आहे. त्यांच्यापैकी काहींची तेथील शेतकरी कुटुंबांतील मुलामुलींशी लग्ने होतात, आणि मग पुण्या-नागपूरकडचा एखादा तरुण किंवा तरुणी मक्याच्या शेतातील एका एकाकी घराच्या दाराशी पाहुणा म्हणून उभी राहते. तिकडचे लोक काहीच विचारीत नाहीत, म्हणजे त्यांना कशाचेच काही वाटत नाही, असा निष्कर्ष मग इकडचे आईवडील काढतात. तो बरोबर नाही. तो का बरोबर नाही, हे समजण्यासाठी आधी त्या घराभोवतालची जमीन पाहिली पाहिजे.

चौकटीचा मुलूख

मिडवेस्टची जमीन आपल्या गावांप्रमाणे नदी-नाल्यांच्या आणि वहिवाटीच्या आधाराने विभागलेली नाही. १७८५ च्या भूमापन कायद्याने तिच्यावर पट्टी ठेवून रेषा आखल्या. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक चौकोन. त्याचे प्रत्येकी ६४० एकरांचे ३६ भाग. आणि त्या भागाचा चतकोर म्हणजे १६० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने नेमका हा चतकोर, पाच वर्षे तेथे राहून जमीन कसण्याच्या अटीवर, जवळजवळ फुकट देऊ केला. यातून जी वस्ती झाली ती गावठाणाची नव्हती. प्रत्येक कुटुंब आपापल्या शेताच्या मधोमध, शेजाऱ्यापासून दूर राहू लागले. म्हणून तेथे घर आणि शेत या दोन वस्तू नाहीत. घर म्हणजेच शेत, आणि घरात येणारा माणूस हा शेतात येणारा माणूस.

त्या शेताची किंमत आज काय आहे? आयोवा स्टेट विद्यापीठाच्या वार्षिक पाहणीप्रमाणे २०२३ साली त्या राज्यातील शेतजमिनीचा सरासरी भाव एकरी ११,८३५ डॉलर होता. म्हणजे ३२० एकरांची, तेथील मानाने मध्यम म्हणावी अशी मालकीची जमीन सुमारे ३८ लाख डॉलरची झाली. हा शेतकरी जुनी मोटार वापरतो, बूट झिजेपर्यंत घालतो आणि दुष्काळाच्या वर्षी बँकेपुढे हात पसरतो. पण कागदावर तो कोट्यधीश असतो. संपत्ती अफाट आणि हातात रोकड नाही, अशा या विचित्र स्थितीत त्याचे मूल जोडीदार घेऊन घरी येते. उद्या या ३८ लाखांच्या भवितव्यात ज्याचे मत विचारात घ्यावे लागेल असा माणूस समोर बसून बटाटे वाढून घेत आहे, हे बापाला कळत नसेल असे मानण्याचे कारण नाही.

न विचारलेले प्रश्न

या भेटीची एक ठरलेली रीत आहे. शेतकऱ्याच्या घराला पुढचे दार असते, पण ते क्वचितच उघडते. येणेजाणे मागच्या दाराने, जेथे चिखलाचे बूट काढून ठेवण्याची लहानशी खोली असते. नव्या पाहुण्याला मागच्या दाराने आत घेतले तर तो अपमान नसून आपलेपणाची खूण समजावी. ‘डिनर’ म्हणजे दुपारचे जेवण आणि संध्याकाळचे ते ‘सपर’, ही जुनी भाषा अनेक शेतकरी कुटुंबांत टिकून आहे. ‘डिनर’चे आमंत्रण आहे म्हणून सायंकाळी सात वाजता पोहोचलेल्या शहरी पाहुण्याला पंगत केव्हाच उठल्याचे कळते. जेवणापूर्वी माना लववून प्रार्थना होते. ताटात बहुधा डुकराचे मांस असते, कारण ज्या आयोवात सुमारे ३२ लाख माणसे राहतात तेथेच दोन कोटींहून अधिक डुकरे पाळली जातात. त्यामुळे शाकाहारी पाहुणा हा तेथे केवळ आहाराचा प्रश्न राहत नाही. यजमानाच्या धंद्यालाच त्याने नकार दिल्यासारखे होते. अर्थात यजमानीण तसे म्हणत नाही. ती घाईने मक्याची कणसे उकडून आणते. मिनेसोटाकडे एखादा पदार्थ किंवा माणूस ‘वेगळाच आहे’ असे कोणी म्हणाले, तर ती स्तुती नव्हे, हे मात्र पाहुण्याने ध्यानात ठेवावे. लग्न झालेले नसेल तर रात्री दोघांच्या निजण्याची सोय दोन खोल्यांत केलेली असते. त्याविषयीही चर्चा होत नाही.

खरी परीक्षा जेवणानंतर होते. बाप पाहुण्याला पिकअप ट्रकमध्ये बसवून शेत दाखवायला नेतो. हा तुकडा आजोबांनी मिळवला, तो शेजारच्या लिलावात घेतला, पलीकडचा खंडाने केला आहे, ओढ्याकाठी पाणी साठते, अमुक साली गारपीट झाली. बाप बोलत राहतो आणि पाहुणा ऐकत राहतो. वरवर पाहता हे पिकाचे कौतुक आहे. वस्तुतः हा चाकांवरून वाचून दाखविलेला सातबाराच होय. जमिनीचा इतिहास सांगताना बाप पाहुण्याच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. त्याला हे ऐकण्यात रस आहे का, की तो मनगटावरील घड्याळ पाहतो आहे? ग्रँट वुड या आयोवाच्या चित्रकाराचे १९३० सालचे ‘अमेरिकन गॉथिक’ हे चित्र बहुतेकांनी कोठे ना कोठे पाहिलेले असते. हातात दाताळे घेतलेला पुरुष आणि शेजारी उभी असलेली स्त्री हे नवराबायको आहेत, असा समज सार्वत्रिक आहे. चित्रकाराच्या मनात मात्र तो शेतकरी आणि त्याची मुलगी होती. हे एकदा कळले की घराच्या दर्शनी भागी उभ्या असलेल्या त्या बापाच्या नजरेचा अर्थ बदलतो.

टेबलावर एक साधा प्रश्न मात्र हमखास विचारला जातो: तुम्ही काय करता? पाहुण्याला तो औपचारिक वाटतो. त्या घराचे गणित त्यावर अवलंबून असते. अमेरिकेतील बहुसंख्य शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नाचा मोठा भाग आज शेतीबाहेरून येतो, आणि घरातील एकाची नोकरी ही केवळ पगारासाठी नव्हे तर आरोग्यविम्यासाठीही हवी असते. शेतकऱ्याला स्वतःच्या खिशातून विमा घेणे फार महाग पडते. म्हणून जोडीदार परिचारिका किंवा शिक्षिका असेल तर घरातल्यांचे चेहरे खुलतात; कारण तालुक्याच्या गावी रुग्णालय आहे, शाळा आहे. तो संगणक अभियंता किंवा कंपनीचा वकील असेल तर कौतुक होते, पण त्या कौतुकात निरोपाचा सूर मिसळलेला असतो. पगार जितका मोठा, तितके मूल दूर जाणार, हा व्यस्त प्रमाणाचा नियम त्या टेबलाला अर्थशास्त्र न शिकताही ठाऊक आहे.

दोन कायदे, एक वर्ष

मुले जातात याला जोडीदार कितपत जबाबदार? येथे इतिहासातील एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. होमस्टेड कायदा १८६२ च्या मे महिन्यात झाला. आणि त्याच वर्षीच्या जुलैत झालेल्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनी देऊन त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये उभी करण्याची व्यवस्था केली. एका कायद्याने माणसांना जमिनीशी बांधले. दुसऱ्याने त्यांच्या मुलांना जमिनीपासून दूर नेणारा रस्ता बांधला. शेतकऱ्याच्या मुलाला शास्त्रीय शिक्षण मिळावे आणि त्याने परत येऊन अधिक चांगली शेती करावी हा हेतू होता, आणि तो काही प्रमाणात सफलही झाला. इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने आपल्याकडे १९६० मध्ये पंतनगरचे कृषी विद्यापीठ उभे राहिले, ते याच नमुन्यावर. पण ज्या वसतिगृहात शेतकऱ्याचा मुलगा मृदाशास्त्र शिकायला गेला तेथेच त्याला शिकागोची, शांघायची किंवा सोलापूरची मुलगी भेटली. परक्या जोडीदाराला घरी आणणारी सर्वांत मोठी संस्था म्हणजे शेतकऱ्यांसाठीच काढलेले विद्यापीठ, हे म्हणूनच विसंगत असले तरी अनपेक्षित नाही.

समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक कार आणि मारिया केफलास या दांपत्याने आयोवातील एका लहान गावात राहून केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष कठोर आहे. गाव आपला पैसा, शिक्षकांचे लक्ष आणि शाबासकी हुशार मुलांवर खर्च करते आणि ती मुले गाव सोडून जातात; मागे राहणाऱ्यांकडे मात्र कोणी पाहत नाही. म्हणजे गाव स्वतःच्या खर्चाने स्वतःचे भांडवल निर्यात करते. निर्यातीचा मोबदला म्हणून त्याला काय मिळते? वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, बहुतेक पीक घरात आल्यावर होणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या भोजनाला आलेला मुलगा आणि त्याच्यासोबतचा पाहुणा. २०२० च्या जनगणनेत आयोवाच्या ९९ कौंट्यांपैकी ६८ कौंट्यांची लोकसंख्या दहा वर्षांत घटल्याचे दिसले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एके काळी त्या राज्याचे ११ सभासद असत. आज ४ आहेत. शाळा एकत्र केल्या जातात, चर्च बंद पडते, वाणसामानाचे दुकान जाते. ज्या गावात अशी उतरती कळा लागली आहे त्या गावी घरी आणलेल्या प्रत्येक जोडीदाराकडे दोन अर्थांनी पाहिले जाते: हा माणूस आणखी एक जण नेणार, किंवा कदाचित एकाचे दोन करून देणार.

आईबापांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे, कारण मुलांना जायला त्यांनीच सांगितलेले असते. १९७० च्या दशकात धान्याचे भाव चढले, जमिनीचे भाव चढले आणि बँकांनी शेतकऱ्यांना कर्ज घेण्याचा आग्रह केला. पुढे चलनवाढ रोखण्यासाठी व्याजाचे दर २० टक्क्यांवर गेले. १९८० च्या जानेवारीत सोव्हिएत रशियाला धान्य विकण्यावर बंदी आली. आयोवात १९८१ साली सरासरी एकरी २,१४७ डॉलर असलेला जमिनीचा भाव १९८६ साली ७८७ डॉलरवर आला. ज्या तारणावर कर्ज होते ते तारणच एक-तृतीयांश उरले. हजारो कुटुंबांच्या शेतांचे अंगणात लिलाव झाले, आणि ते पाहिलेल्या पिढीने आपल्या मुलांना सांगितले की शीक आणि येथून बाहेर पड. आता तीच पिढी म्हातारी झाली आहे. मुलाने ऐकले, याचे समाधान आणि मुलाने ऐकले, याचेच दुःख, अशा दोन्ही भावना मनात घेऊन ती मुलाच्या जोडीदाराचे स्वागत करते.

परका म्हणजे कोण?

येथे कोणी असा आक्षेप घेईल की हे सर्व जमिनीचे गणित म्हणजे वर्णद्वेषावर घातलेले पांघरूण आहे. खरा अडथळा कातडीच्या रंगाचा, धर्माचा आणि रूढीचा आहे. या आक्षेपात तथ्य आहे. नेब्रास्कात गोऱ्या व्यक्तीने कृष्णवर्णीय, चिनी किंवा जपानी व्यक्तीशी विवाह करण्यास १९६३ पर्यंत कायद्याने बंदी होती. इंडियानातील बंदी १९६५ मध्ये उठली. १९६७ च्या लव्हिंग खटल्यातील निकालाने अशी बंदी देशभर घटनाबाह्य ठरली. उलट आयोवाने आपली बंदी १८५१ मध्येच रद्द केली होती आणि मिनेसोटा व विस्कॉन्सिन यांनी ती कधी घातलीच नाही. म्हणजे मिडवेस्टचे एकच एक मन आहे असे समजण्यात अर्थ नाही.

परका कोण, याची व्याख्याही तेथे सतत बदलत आली आहे. एके काळी नॉर्वेजियन ल्यूथरन घरात जर्मन कॅथलिक सून येणे हे संकट मानले जाई. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, आयोवाच्या गव्हर्नरने सार्वजनिक ठिकाणी आणि दूरध्वनीवर देखील इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलण्यास मनाई केली होती. ज्यांच्या आजीची भाषा अशी दडपली गेली, तीच माणसे आज स्वतःला त्या भूमीचे मूळ मालक समजून पाहुण्याला ‘तुमचे लोक कोठले?’ असे विचारतात. त्या भूमीवरून ज्यांना हाकलून दिले गेले त्या आयोवे, मेस्क्वाकी, डकोटा लोकांनी विचारायचा प्रश्न खरे तर हा होता.

समलिंगी जोडप्यांच्या बाबतीत कायदा आणि जेवणाचे टेबल यांच्यातील अंतर फार स्पष्ट दिसले. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २००९ रोजी एकमताने समलिंगी विवाहास मान्यता दिली. देशव्यापी मान्यता मिळण्यास त्यानंतर सहा वर्षे लागली. पुढच्याच वर्षी, २०१० च्या नोव्हेंबरात, मतदारांनी त्या पीठातील तीन न्यायमूर्तींना पदावरून दूर केले. २०१२ मध्ये मात्र चौथ्या न्यायमूर्तींना त्यांनी कायम ठेवले. दोन वर्षांत एवढा फरक कशाने पडला याची कारणे अनेक असतील. पण मधल्या काळात पुष्कळ कुटुंबांच्या टेबलावर एक नवा पाहुणा येऊन जेवून गेला होता, हेही त्यांपैकी एक असावे असे मला वाटते.

तेव्हा वर्ण, धर्म आणि रूढी यांचा अडसर खोटा नाही. माझे म्हणणे एवढेच की तो अडसर जेथे झिजतो तेथे बहुधा गरजेमुळे झिजतो, आणि ही गरज आर्थिक असते. स्टॉर्म लेक या आयोवातील गावाचे उदाहरण घ्या. आजूबाजूची गावे ओस पडत असता मांसप्रक्रियेच्या कारखान्यांत कामाला आलेल्या मेक्सिकन, लाओशियन आणि आफ्रिकी कुटुंबांमुळे ते वाढले. याउलट २००८ च्या मे महिन्यात पोस्टविल या चिमुकल्या गावातील कत्तलखान्यावर सरकारने धाड घालून एका दिवसात ३८९ स्थलांतरित कामगारांना पकडले, तेव्हा केवळ त्या कामगारांचेच नव्हे तर गावाचेही कंबरडे मोडले. आपल्या शाळेतील बाके कोणामुळे भरतात, हे गावाला अशा वेळी कळते. ग्रामीण भागात सेवा करण्याच्या अटीवर परदेशी डॉक्टरांना अमेरिकेत राहू देणारी योजना १९९४ पासून चालू आहे; तिच्यामुळे अनेक लहान गावांत पहिला भारतीय चेहरा दिसला तो डॉक्टरांचा. ज्याच्या हातून नातवाचा जन्म झाला त्याच्याच देशातील जावई घरी आला तर त्याला सर्वस्वी परका म्हणणे कठीण जाते.

मौनाची किंमत

परंतु आतिथ्याच्या या सभ्य मौनाची एक किंमत असते आणि ती पुढे सगळ्यांनाच मोजावी लागते. २०२२ च्या एका पाहणीनुसार आयोवातील ६६ टक्के शेतजमीन ६५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या लोकांच्या मालकीची आहे. म्हणजे पुढील वीस-पंचवीस वर्षांत त्या राज्याची बहुतेक जमीन हात बदलणार. आपल्याकडे वाटणीचा प्रश्न तुकड्यांचा असतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर भरले, आणि ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांनी झाले. तेथे २०२२ मध्ये शेताचे सरासरी क्षेत्र ३४५ एकर होते आणि ते मोडले तर शेतीच मोडते, कारण मोठ्या यंत्रांचा खर्च लहान शेताला झेपत नाही. म्हणून तेथे कायदा वाटणीची सक्ती करीत नाही. पतिपत्नीचे हक्क सोडले तर बाप मृत्युपत्राने जमीन कोणालाही देऊ शकतो. प्रश्न उभा राहतो तो असा: तीन मुलांपैकी एक शेतावर राबला आणि दोघे शहरांत गेले, तर समान वाटणी म्हणजे न्याय्य वाटणी काय? समान वाटणी केली तर राबणाऱ्याला भावंडांचे हिस्से विकत घेण्यासाठी जन्मभर कर्जात राहावे लागते. न केली तर भावंडे दुरावतात.

या पेचात जोडीदाराचे स्थान निर्णायक असते, आणि नेमका त्यालाच कोणी काही सांगत नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञ सोन्या सॅलमन यांनी आपल्या अभ्यासात दाखवून दिले आहे की जर्मन वंशाच्या शेतकरी वस्त्या जमिनीला पुढच्या पिढीची ठेव मानीत आल्या, तर यँकी वंशाच्या वस्त्या तिच्याकडे धंद्यातील भांडवल म्हणून पाहत आल्या. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना असे दोन हिशेब असू शकतात. घरात येणाऱ्या सुनेला किंवा जावयाला आपण कोणत्या हिशेबात पाऊल टाकीत आहोत हे ठाऊक नसते. मृत्युपत्र वाचले जाते तेव्हा ते कळते. साहित्यिकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. विला कॅथर यांच्या १९१३ सालच्या ‘ओ पायोनियर्स!’ या नेब्रास्काच्या कादंबरीत कर्तबगार बहीण जुन्या मित्राशी लग्न करू पाहते तेव्हा भाऊ खवळतात, ते प्रेमाला विरोध म्हणून नव्हे. जमीन घराबाहेर जाईल, ही त्यांची धास्ती असते. जेन स्मायली यांच्या ‘अ थाउजंड एकर्स’ या १९९१ सालच्या कादंबरीत बाप मुलींना जमीन वाटून देऊ लागतो आणि घर फुटते. जावईही त्यातून सुटत नाहीत.

आपल्याकडची रीत नेमकी उलटी. आपण लग्नाआधी सारे विचारतो: एकर किती, बागायत किती, भाऊ किती, कर्ज किती. हा चौकसपणा अनेकदा असभ्य असतो आणि त्याच्या आडून हुंडा, जात, मुलीची मानखंडना असे पुष्कळ काही आत येते. त्याचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. पण तिकडच्या मौनाला आधुनिकता समजून त्याचे गुणगान करणेही तितकेच अज्ञानाचे आहे. आपण माणसाचा विचार न करता मालमत्ता विचारतो; ते माणसाचा मान राखण्यासाठी मालमत्तेविषयी बोलतच नाहीत. दोन्ही ठिकाणी नव्याने घरात येणाऱ्या व्यक्तीला ज्या गोष्टी कळायला हव्यात त्या कळत नाहीत.

यावर उपाय फार मोठा नाही, पण अवघड आहे. आईबापांनी जमिनीविषयी आपल्या मनात काय आहे ते सर्व मुलांसमोर आणि त्यांच्या जोडीदारांसमोर, हातपाय धड आहेत तोवर सांगितले पाहिजे. जमीन विकायची असेल तर तसे, एकाला द्यायची असेल तर त्याची कारणे आणि इतरांची भरपाई, खंडाने ठेवायची असेल तर कोणाच्या नावे. जोडीदारानेही बटाटे वाढून घेताना संकोच बाजूला ठेवून विचारले पाहिजे की आमच्याकडून आपली अपेक्षा काय आहे. आम्ही येथे राहणार नाही, असे उत्तर त्याला द्यावे लागले तरी चालेल. स्पष्ट नकारावर कुटुंबाला पुढची व्यवस्था करता येते. वर्षानुवर्षे ताटकळत ठेवलेल्या आशेवर मात्र काहीच उभे करता येत नाही. आणि गावांनीही आपल्या शाबासकीची वाटणी बदलली पाहिजे. बाहेर जाणाऱ्या हुशार मुलासाठी टाळ्या वाजविणाऱ्या गावाने, बाहेरून येणाऱ्या जोडीदाराला नोकरी, पाळणाघर आणि चर्चखेरीजही चार माणसांत बसण्याची जागा कोठे मिळेल याचा विचार केला, तर हातचे गेलेले भांडवल थोडे तरी परत येईल.

मराठी आईवडिलांसाठीही यात एक सूचना आहे. डेमॉइनहून किंवा ओमाहाहून मुलाचा दूरध्वनी येतो, तो तिच्या घरी जेवून आल्याचे सांगतो, आणि तिकडून काय विचारले असे विचारल्यावर ‘काही नाही’ असे उत्तर देतो. अशा वेळी ते कुटुंब तऱ्हेवाईक किंवा बेफिकीर आहे असे समजू नये. चार पिढ्यांची जमीन आणि आपली शेवटची मुलगी ही दोन्ही एकाच वेळी हातातून निसटतात की काय, या धास्तीने ते गप्प बसलेले असण्याचा संभव अधिक आहे. ही धास्ती विदर्भातील कापूस उत्पादकाला किंवा निफाडच्या द्राक्षबागायतदाराला समजावून सांगावी लागणार नाही. पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला मात्र ती समजून घ्यावी लागेल. त्याने तिकडच्या घरी पत्र पाठवावे आणि आपल्या मुलाविषयी लिहून झाल्यावर त्यांच्या शेताची, यंदाच्या मक्याची आणि पावसाची विचारपूस करावी. दोन घरांत जे बोलणे पुढे व्हायचे आहे, ते सुरू करण्यास याहून योग्य विषय नाही.